चोर सापडतो, गाय कोणाची ते ठरत नाही: गुरांच्या चोरीसाठी वेगळे पोलिस का लागले?

प्रश्न दुहेरी आहे. काही देशांत गुरं, मेंढ्या आणि शेतावरच्या सामानाच्या चोऱ्यांसाठी पोलिसांची स्वतंत्र पथकं असतात, ती केव्हापासून? आणि चोरी ती चोरीच, मग साध्या ठाण्यातल्या अंमलदाराला हा तपास का जमू नये? दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. ते कळलं की पहिल्या भागातला इतिहास नुसती सनावळी वाटणार नाही.

माझ्या नोकरीतली बरीच वर्षं ग्रामीण ठाण्यांत गेली. जनावरं चोरणाऱ्याला पकडणं हे काम मला कधीच फार अवघड वाटलं नाही. वीस जनावरं लपवता येत नाहीत. ती हंबरतात, शेण टाकतात, पाण्यावर जातात, आणि कुठे ना कुठे कोणीतरी बघतंच. खरी अडचण चोर समोर उभा राहिल्यावर सुरू होते. तो शांतपणे सांगतो, "साहेब, घरची जनावरं आहेत." फिर्यादी सांगतो, "माझी आहेत." मोबाईलला आयएमईआय असतो, गाडीला चासी नंबर असतो. तांबड्या गाईला काय असतं? फिर्यादीत लिहिलेलं असतं, "रंग तांबडा, कपाळावर पांढरा टिपका, शिंगं आत वळलेली, वय अंदाजे पाच वर्षे." या वर्णनाच्या दहा गाई मी त्याच दिवशी त्याच बाजारात दाखवू शकेन, आणि आरोपीचा वकीलही दाखवू शकतो.

त्यात हा मुद्देमाल खातो-पितो. सोन्याची साखळी पाकिटात घालून लाखेची मोहोर मारली की मालखान्यात वर्षानुवर्षं पडून राहते. म्हशीला मोहोर मारता येत नाही. तिला चारा कोण घालणार, धार कोण काढणार, दूध कोणाचं? मेली तर पंचनामा. व्याली तर? मी एकदा गाभण म्हैस जप्त केली होती. पंचनाम्यात एक नग होता, सुपुर्दनाम्यावर मालकाकडे दिली तेव्हा दोन झाले होते. त्या रेडकाचा खुलासा करण्यात माझा जेवढा कागद गेला तेवढा आरोपीच्या अटकेतही गेला नव्हता.

म्हणजे इथे तज्ज्ञ तो, ज्याला जनावर ओळखता येतं आणि ती ओळख न्यायालयात टिकवता येते. पाठलाग कोणीही करेल. या कामाचा इतिहास मी तरी याच नजरेने वाचतो.

सुरुवात मागापासून. गणवेशातले पोलिस येण्याच्या कितीतरी आधी माग काढणारे होते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819 मध्ये या मुलखाचा जो अहवाल लिहिला त्यात गावच्या राखणदाराचं काम नोंदलेलं आहे. चोरी झाली की राखणदाराने पावलांचा माग काढायचा. माग पुढच्या गावात गेला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटवून दिली की आधीच्या गावाची जबाबदारी संपली, पुढच्याची सुरू झाली. असं करत ज्या गावात माग शेवटी थांबेल त्या गावाने चोरीला गेलेल्या मालाची भरपाई करायची. हद्दीवरून दोन ठाण्यांत होणारी भांडणं मी आयुष्यभर ऐकली. हा अहवाल वाचताना वाटलं की हे भांडण शिवेवर उभं राहून फार आधीपासून चालू आहे. फरक इतकाच की तेव्हा माग आपल्या शिवेबाहेर गेल्याचं दाखवून द्यावं लागे. आता नुसतं "आमच्या हद्दीत नाही" म्हटलं की भागतं.

गंमत म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरही जवळजवळ हीच रीत होती. सीमेच्या दोन्ही बाजूंची घराणी एकमेकांची गुरं पळवण्यात तरबेज होती. त्यांना रीव्हर म्हणत. 1249 मध्ये दोन्ही राज्यांनी सीमेपुरते वेगळे नियम लिहून काढले, आणि पुढे सीमेच्या पट्ट्यांवर 'वॉर्डन' नेमले गेले. गुरांच्या चोरीवर नेमलेला पहिला सरकारी अधिकारी शोधायचाच असेल तर माझं बोट या वॉर्डनकडे जाईल. ज्याची गुरं गेली त्याला सहा दिवसांच्या आत सीमा ओलांडून पाठलाग करण्याचा कायदेशीर हक्क होता. अट एकच, पाठलाग उघड हवा: शिकारी कुत्रे, शिंगाचा आवाज, भाल्याच्या टोकावर गवताळ मातीचं पेटतं ढेकूळ. गुपचूप गेलात तर तुम्हीही चोरच. 1603 मध्ये दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर आले आणि ही व्यवस्था संपली. 'ब्लॅकमेल' हा शब्द याच भागातला आहे. गुरं सुरक्षित राहावीत म्हणून रीव्हर टोळ्यांना जो हप्ता द्यावा लागे त्याला तो वापरत.

पंजाबात इंग्रजांनी तर ही रीत कायद्यातच घातली. 1872 च्या पंजाब लॉज अ‍ॅक्टमध्ये मागाविषयी वेगळी कलमं होती. तिथले खोजी, गुजरात-कच्छकडचे पगी, ऑस्ट्रेलियात पोलिसांनी कामाला लावलेले मूळनिवासी मागकरी, ही सगळी या क्षेत्रातली पहिली खरी तज्ज्ञ मंडळी. एकाच वाटेवरून गेलेल्या गुरांमधलं लंगडणारं कोणतं, ओझं वाहणारं कोणतं, किती वेळापूर्वी गेली, हे ती मातीवरून सांगत. त्यांची नोंद बहुतेक ठिकाणी 'मदतनीस' अशी झाली. हुद्दा आणि पगार दुसऱ्यालाच मिळाला.

पण मागाला एक मर्यादा आहे. माग जनावर कुठे गेलं ते सांगतो, कोणाचं ते सांगत नाही. वाट खडकावर चढली, नदीत उतरली किंवा रेल्वेच्या डब्यात शिरली की तोही संपतो. शेकडो मैलांवर विकायला जाणाऱ्या गुरांसाठी दुसरा पुरावा लागणार होता. तो म्हणजे डाग, तापल्या लोखंडाने कातडीवर उठवलेली मालकाची खूण.

इथे टेक्सासची गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी 1877 मध्ये ग्रॅहम नावाच्या गावात चाळीसेक पशुपालक जमले आणि त्यांनी चोरीला आळा घालण्यासाठी संघटना काढली. उघड्या माळावर डाग सोडला तर गुरांवर मालकीची दुसरी खूण नव्हती, आणि डाग बदलता येत असे. चोर एक साधी वाकडी सळई बाळगत. ती तापवून लेखणीसारखी फिरवली की जुन्या अक्षराला दोन रेघा जोडून नवं अक्षर तयार. यावर संघटनेने निरीक्षक नेमले. त्यांनी चोरामागे घोडा दामटण्यापेक्षा गुरं जिथे विकली जातात, रेल्वेत चढतात, तिथे उभं राहून डाग वाचायला सुरुवात केली. चोराला माल कुठेतरी विकावाच लागतो, आणि त्या तोंडाशी डाग वाचणारा माणूस बसवा, एवढा साधा विचार. जनावर कापलं गेलं असेल तर कातडं उलटं करून बघत. वरून बदललेला डाग आतल्या बाजूने उघडा पडतो, कारण जुन्या जखमेचा वण आणि नव्याचा वण आतून वेगळे दिसतात. मला तपासातल्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत सुंदर वाटते. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, फक्त कुठे बघायचं ते माहीत असणं.

ती संघटना आजही आहे. तिचे तीसेक 'स्पेशल रेंजर' आहेत. पगार संघटनेचा, पण अटकेचे अधिकार राज्याने दिलेले. बाजारांत तिचे निरीक्षक अजून डाग नोंदवून घेतात. टेक्सासात डाग काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयात नोंदवावा लागतो आणि दर दहा वर्षांनी नोंद नवी करावी लागते.

मालकांनी पगार दिलेला तपासनीस हा प्रकार कुठवर जाऊ शकतो तेही त्याच देशात दिसलं. वायोमिंगमध्ये मोठ्या पशुपालकांच्या संघटनेच्या हातात जवळजवळ सरकारच होतं. 1884 च्या कायद्याने माळावर सापडलेली, डाग नसलेली वासरं संघटनेच्या ताब्यात जाऊ लागली. छोट्या शेतकऱ्याने आपलंच वासरू डागलं तरी त्याच्यावर चोरीचा आळ येई. निकाल देणारी ज्युरी मात्र छोट्या शेतकऱ्यांची, त्यामुळे आरोपी सुटू लागले. शेवटी एप्रिल 1892 मध्ये मोठ्या मालकांनी टेक्सासहून बंदूकबाज आणले आणि पन्नासेक माणसांची टोळी जॉन्सन काउंटीत घुसवली. हातात मारायच्या माणसांची यादी. त्यांच्यात फ्रँक कँटन होता, त्याच काउंटीचा माजी शेरीफ आणि संघटनेचा गुप्तहेर. त्यांनी नेट चॅम्पियन हा छोटा पशुपालक आणि त्याच्या साथीदाराला मारलं. मग संतापलेल्या लोकांनी टोळीलाच वेढलं आणि तिला सोडवायला अमेरिकन घोडदळ आणावं लागलं. शिक्षा कोणालाच झाली नाही. पुढे टॉम हॉर्न नावाचा असाच एक पगारी 'स्टॉक डिटेक्टिव्ह' (स्टॉक म्हणजे गुरंढोरं) चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाबद्दल दोषी ठरला आणि नोव्हेंबर 1903 मध्ये शायेनला फाशी गेला. त्या खुनाबद्दल आजही वाद आहे. त्याच्या धंद्याबद्दल मात्र नाही.

हे विस्ताराने लिहायचं कारण आहे. जनावराची मालकी सिद्ध करणं जमत नाही असं वाटलं की तपास करणारा शॉर्टकट शोधतो: पुरावा सोडतो आणि माणूस धरतो. आपल्याकडे तो शॉर्टकट कायद्याच्या रूपात आला. 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्यात भटक्या आणि गुरं पाळणाऱ्या कितीतरी जमाती होत्या. हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायला बंदी. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. सवय तेवढ्या तारखेला गेली असं मी म्हणणार नाही. गुरं गेली की कोणत्या पालावर आधी जायचं हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात 'शिकवलं' गेलं होतं. तिथे मला गुरं कधीच सापडली नाहीत. सापडली ती बहुतेक वेळा फिर्यादीच्या ओळखीतल्या, जागा-वेळ माहीत असलेल्या माणसाकडून आणि त्याच्याशी जोडलेल्या दलालाकडून.

उलट टोकाची गोष्ट ऑस्ट्रेलियाची. तिथे पुरावा भक्कम होता आणि तरी काही झालं नाही. 1870 मध्ये हॅरी रेडफर्ड आणि साथीदारांनी क्वीन्सलँडच्या बोवेन डाउन्स या अवाढव्य कुरणातून सुमारे 1,000 गुरं हळूहळू बाजूला काढली आणि तेराशे-एक किलोमीटर हाकत दक्षिण ऑस्ट्रेलियात नेऊन विकली. वाट कूपर्स क्रीक आणि स्ट्रझेलेकी क्रीकच्या रखरखीत भागातून. तिथेच नऊ वर्षांपूर्वी बर्क आणि विल्स हे शोधप्रवासी मेले होते. मालकाला पत्ताही लागला नाही. तिकडे कळपांची मोजणी वर्षातून एक-दोनदा, त्यामुळे चोरी कधी झाली हेच सांगता येत नाही. या प्रकारच्या तपासातली ही पहिली अडचण आजही तशीच आहे. पण टोळीने एक चूक केली. कळपात बाहेरून आणलेला एक पांढरा वळू होता. तो ओळखू येण्याजोगा होता आणि त्यांनी तो वाटेतच विकला. वळू सापडला, परत आणला गेला, खटल्यात पुरावा म्हणून आला. फेब्रुवारी 1873 मध्ये रोमा गावात ज्युरीने निकाल दिला: निर्दोष. इतक्या अवघड वाटेने हजार गुरं नेणाऱ्या गड्याचं लोकांना कौतुकच वाटत होतं. न्यायाधीश म्हणाले, देवाची कृपा की हा निकाल तुमचा आहे, माझा नाही. सरकारने त्या न्यायालयाचे फौजदारी अधिकारच काही काळ काढून घेतले. तपास करणाऱ्याने वळूपर्यंत पोचून आणखी काय करायला हवं होतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

विसाव्या शतकात हे काम हळूहळू मालकांच्या हातून सरकारी पोलिसांकडे आलं. क्वीन्सलँडमध्ये 'स्टॉक स्क्वॉड' हे नाव रुळलं. न्यू साउथ वेल्सने 2017 मध्ये ग्रामीण गुन्ह्यांसाठी वेगळं पथक उभं केलं. त्यात घेतलेल्या माणसांना मेंढी धरता येते, कान वाचता येतो, कुंपण कापलं की तुटलं ते कळतं. ही पात्रता कोणत्याही भरती परीक्षेत नसते.

कायद्याच्या बाजूने सर्वांत पुढे गेला तो दक्षिण आफ्रिका. 1959 चा तिथला स्टॉक थेफ्ट अ‍ॅक्ट मला हुशार वाटतो, थोडा धोक्याचाही. ज्याच्याकडे संशयास्पद जनावर सापडेल त्याला ते कुठून आलं याचं समाधानकारक उत्तर देता आलं नाही तर तोच गुन्हा. रस्त्याने जनावरं नेताना जवळ दाखला हवा. म्हणजे मालकीचा प्रश्न उलटा फिरवला: "ही गाय फिर्यादीची आहे का?" याऐवजी "ही गाय तुझ्याकडे कशी?" पोलिसाचं काम निम्मं होतं. आणि ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याने शेजाऱ्याकडून तोंडी व्यवहारात वासरू घेतलं, तोही आत जाऊ शकतो. तिथे पोलिस खात्यात गुरांच्या चोरीची वेगळी युनिट्स आहेत आणि वार्षिक गुन्हे-आकडेवारीत या चोरीचा रकाना वेगळा असतो. रकाना वेगळा असणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. जिथे गाय आणि मोबाईल एकाच 'इतर चोऱ्या' या ओळीत बसतात, तिथे वेगळं पथक मागायला कोणत्याच अधिकाऱ्याच्या हातात आकडा नसतो.

केनियात गिलगिल इथे अँटी स्टॉक थेफ्ट युनिटचं मुख्यालय आहे. ते जवळजवळ निमलष्करी दल आहे, कारण तिथे गुरं पळवणारे स्वयंचलित बंदुका घेऊन येतात. नोव्हेंबर 2012 मध्ये बारागोईजवळ चोरीची गुरं परत आणायला गेलेल्या पोलिसांवर दबा धरून हल्ला झाला. चाळिसाहून अधिक पोलिस एका दिवसात मारले गेले. 'गुरांची चोरी' हे शब्द कानाला किरकोळ वाटतात, म्हणून हे सांगितलं.

भारताचं काय, असा पुढचा प्रश्न येईलच. 1860 च्या दंडसंहितेने गुरांच्या चोरीला वेगळा गुन्हा मानलं नाही, पण जनावराचा विचार मात्र बारकाईने केला होता. चोरीच्या व्याख्येखालचं एक उदाहरण मला फार आवडतं: खजिन्याची पेटी वाहणारा बैल समोर आला, अप्रामाणिकपणे पेटी घेण्यासाठी बैलाला एका दिशेला हाकलला, तर बैलाने पहिलं पाऊल टाकताच खजिन्याची चोरी पूर्ण झाली. पेटीला हात लावायचीही गरज नाही. कायदा इतका नेमका, आणि तपासाला जनावर ओळखायचं साधन मात्र शून्य. आता कानात बारा आकडी बिल्ला आला आहे. तो मुळात लसीकरण आणि रोगनियंत्रणासाठी असला तरी मालकाचं नाव त्याला जोडलेलं असतं, त्यामुळे तपासाला उपयोगी पडतो. नाकाडावरच्या रेषा आपल्या बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात, हे 1922 मध्येच पीटरसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवलं होतं. शाई लावून ठसा घेता येतो. डीएनए तर आहेच, आणि त्याची खरी ताकद मांसाच्या तुकड्यावरून जनावर ठरवण्यात आहे. अट एवढीच की जुळवायला मूळ जनावराचा किंवा त्याच्या आईचा, पिल्लाचा नमुना हवा.

नमुना नसेल तर जुनी पद्धत. वासरू मागे राहिलं असेल तर ते आणायचं, आरोपीच्या गोठ्यातल्या चार-पाच गाईंसमोर पंचांदेखत सोडायचं आणि गप्प उभं राहायचं. पंचांनी जे पाहिलं ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचं. न्यायालयात याला एकट्याला वजन नसतं, पण दुसऱ्या पुराव्याच्या जोडीला ते चांगलं उभं राहतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आरोपीचा चेहरा तिथेच उतरतो आणि दलालाचं नाव बाहेर येतं.

शेवटी 'ग्रामीण चोरी' हा शब्द. पथकांच्या नावातून गुरं मागे पडत चालली आहेत आणि 'ग्रामीण' पुढे येतंय. ब्रिटनमध्ये 2023 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण गुन्हे युनिट सुरू झालं. तिथे आता चोरांना ट्रॅक्टरवरचं उपग्रह-दिशादर्शक यंत्रही हवं असतं. ते हातात मावतं, हंबरत नाही, चारा मागत नाही आणि थेट परदेशात जातं. त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या चोरीला आळा घालण्यासाठी तिथे कायदाही झाला, आणि त्याचा रोख पुन्हा यंत्रावर ओळखीची खूण आणि विक्रीची नोंद यांवरच आहे. या युनिटला पैसे पुरवणाऱ्यांत शेतकऱ्यांचा विमा उतरवणारी कंपनी आहे हे वाचलं तेव्हा मला टेक्सासचे ते चाळीसजण आठवले.

ज्यांनी हे सगळं आपल्या गोठ्याच्या काळजीपोटी विचारलं असेल त्यांच्यासाठी: बिल्ल्याचा नंबर वहीत लिहून ठेवा, आणि जनावराचे दोन्ही बाजूंनी, समोरून आणि कानाचे फोटो काढून ठेवा. चोर पहिल्यांदा बिल्ला कापतो. कापलेला कान पटकन भरत नाही, म्हणून बाजारात गेलो की माझी नजर अजून आधी कानाकडे जाते. ताजी चीर दिसली तर मी भाव विचारत नाही, जनावर कुठून आणलं ते विचारतो.